बेडका कोणाचा?

काय काम करता, असं कोणी विचारलं की मी "दवाखान्यात आहे" एवढंच सांगायची. लोक समजायचे नर्स असेल. पण लग्नाच्या पंगतीत शेजारची एखादी बाई फारच खोदून विचारायला लागली की मीही सांगून टाकायची, "लोकांचे बेडके बघते." मग ती बाई हातातली बुंदी ताटात परत ठेवायची. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू!

हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली, त्यानंतरची ही गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅबमध्ये होते. लॅब म्हणजे एक खिडकी, एक मोरी, एक मायक्रोस्कोप आणि मी. टीबीच्या औषधाची नवी पद्धत आमच्याकडं नुकतीच पोचली होती. आधी पेशंट महिन्याच्या गोळ्या घरी न्यायचा आणि जरा बरं वाटलं की पिशवी खुंटीला टांगून ठेवायचा. आता ज्याच्या त्याच्या नावाचा वेगळा खोका यायचा, आणि दिवसाआड त्यातल्या मूठभर गोळ्या आमच्यासमोर गिळायच्या. अर्थात त्याआधी आजार सापडायला पाहिजे, आणि तो सापडायचा माझ्या काचपट्टीवर.

सगळा घोळ एका शब्दाचा होता. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, थुंकी तपासून घ्या. लोक बिचारे शब्दाला जागणारे. डबी हातात दिली की थुंकी आणून द्यायचे, पाण्यासारखी स्वच्छ. एका गुरुजींनी तर आधी चूळ भरली, वर बडीशेप खाल्ली आणि मग डबी भरून दिली. म्हणाले, "सरकारी कामाला द्यायची तर नीट नको का द्यायला?" त्या डबीला वास इतका छान येत होता की काय सांगू. पण थुंकीत जंतू नसतात, ते बसलेले असतात छातीत. म्हणून मी व्हरांड्यात उभी राहून ओरडायची, "थुंकी नको! बेडका! बेडका पाहिजे, छातीतून खाकरून काढलेला!" बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. 'शिष्टर लईच घान बोलती,' म्हणायच्या. मी सिस्टर नाही, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि मला खोड होती चौकसपणाची. आई म्हणायची, हिचं नाक कायम दुसऱ्याच्या चुलीत. काचपट्टी करायच्या आधी मी डबी उजेडात धरून बघायची आणि मनाशी ओळखायची, माणूस कसा असेल. दिवसभर चुलीपुढं बसणाऱ्या बाईचा बेडका काळपट यायचा. सोयाबीनच्या मळणीयंत्रावर राबणाऱ्या गड्याचा भुरकट, धुळीचा. तंबाखूवाल्याचा पिवळसर. आणि मिश्री लावणाऱ्या बाईचा तर लगेच कळायचा, त्यात तंबाखू भाजून केलेल्या त्या भुकटीचे बारीक काळे कण असायचे. आमच्याकडं रीतच तशी, गडी तंबाखू मळणार आणि बाया मिश्री घासणार. उलट केलेलं मी कधी पाहिलं नाही.

मळणीच्या दिवसांत सगळा तालुकाच खोकत असतो. त्यातच पुसेगावच्या पुढच्या एका खेड्यातून एक माणूस आला. तिशीचा असेल, पैलवानासारखा. खूप दिवसांचा खोकला आहे म्हणाला, आणि आठवण झाल्यासारखा खोकून दाखवला. त्याच्याकडून तिथंच एक नमुना घेतला. स्वच्छ पाणी. दुसरी डबी घरी नेऊन सकाळी उठल्याबरोबर भरायला सांगितली. ती घेऊन तो दुसऱ्या दिवशी आला, आणि नियमाप्रमाणं तिसरा नमुना पुन्हा समोर दिला. तोही पाणीच.

पण घरून आणलेली डबी! घट्ट, पिवळा, अस्सल बेडका. काचपट्टी लाल रंगात तापवली, आम्लानं धुतली, निळ्या रंगात बुडवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली, तर निळ्या रंगावर लाल काड्याच काड्या. टीबी भरपूर होता. असं कसं झालं? एकाच माणसाची छाती घरी आजारी आणि दवाखान्यात ठणठणीत? मी परत डबी उजेडात धरली. बेडक्यात काळे कण होते.

बाहेर बाकावर तो बसला होता. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "काय हो भाऊ, तुमी मिश्री लावता का?"

तो खदखदून हसला. "मी काय बाईमानूस हाय का, शिष्टर?"

मी नुसती त्याच्याकडं बघत राहिले. त्याचं हसू आधी थांबलं, मग तोंड उतरलं. चोराच्या मनात चांदणं! तरी म्हणतो कसा, "माझाच हाय तो. तुमी गोळ्या द्या, मी घरी जाऊन घेतो."

"घरी न्यायच्या नाहीत आता. दिवसाआड यायचं, इथं बसायचं आणि माझ्यासमोर गिळायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि रोग नसलेल्या माणसानं गिळल्या तर त्याला उगाच तकलीफ, आणि ज्याला रोग आहे तो तसाच खोकत बसणार."

तो बोटं मोडत बसला. मला वाटलं, सापडला. अशा गोष्टी मी बघितल्या होत्या. सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी धाडायचं आणि पुन्हा न्यायला जायचंच नाही. त्याची बायकोच आजारी असणार आणि हा पठ्ठ्या तिला वाचवायला स्वतः आजारी पडलाय, असं मी धरून चालले. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. मी त्याला तिथल्या तिथं भाषण दिलं. बायकोला लपवून तिचा जीव वाचत नसतो वगैरे. त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. "उद्या आनतो तिला," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायको आली, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू. आली ती सरळ माझ्या टेबलापाशी आली, ओठ मागं ओढले आणि दात दाखवले. पांढरेशुभ्र, जाहिरातीत असतात तसे.

"हे बघा. मिश्री दिसती का कुठं? मी तोंडात धरत न्हाई तसलं कायबी. आन् हे म्हनतेत, शिष्टरनं तुला टीबी काढलाय!"

ती नवऱ्याकडं वळली. "सांगा आता. का मी सांगू?"

मग तो बोलला. बेडका त्याच्या आईचा होता. खोकला उन्हाळ्यापासून चाललेला, अंग वाळत चाललेलं. पण धाकट्या बहिणीचं लग्न जमायला आलं होतं. मुलाकडची माणसं आठ-पंधरा दिवसांत बघायला येणार होती. मुलगा शिकलेला, चांगल्या घरातला. आईला टीबी आहे हे कळलं तर म्हणतील, घरातच रोग आहे, पोरीला पण असेल.

"म्हनून म्हनलं माझ्या नावावर घ्यावं," तो म्हणाला. "माझं काय, माझं लगीन होऊन बसलंय. आता माझं कोन मोडून राहिलं?"

"मी मोडीन की," बायको म्हणाली. मला हसू आलं, त्यालाही आलं, आणि मग एकदम त्याचे डोळे भरले. "स्थळ हट्ट्याकडचं हाय," तो म्हणाला आणि दचकून विचारलं, "तुमचं माहेर कुठलं म्हनायचं?"

माझं माहेर हट्ट्याचंच. पण मी वसमत सांगितलं, म्हटलं याला आणखी घोर नको. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ, ओरडले नाहीत. म्हणाले, आईला कसंही करून आणा, आणि लेकराला मी आधी बघतो.

आई येईना. मग रविवारी मीच जीपमध्ये बसून गेले. तिच्या मुलाच्या ओळखीची, सहज आलेली, असं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर कामाइतकीच मला त्या बाईला बघायची उत्सुकता होती. मायक्रोस्कोपखाली जी ओळखीची झाली, ती अंगापिंडानं कशी असेल?

ती चुलीपुढं बसली होती. उंच, हाडापेराची बाई, लुगडं मात्र अंगावर मोठं झालेलं. नातवंड मांडीवर. धुरात बसायची म्हणजे खोकला आला तर धुराच्या नावावर खपतो, ही तिची युक्ती माझ्या लगेच लक्षात आली. मानलं पाहिजे! माझं आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं. आम्ही बौद्ध, त्यामुळं नव्या घरात चहा कशात येतो हे माझी नजर आपोआप बघते. घरच्यांसारखा कपबशीतच आला. आणला तो धाकट्या पोरीनं, बारावी झालेली, डोळे माझ्यासारखेच चौकस. तिनं माझी बोटं बघितली. लाल रंग नखांतून कधी पुरता जात नाही.

"मेंदी हाय का, ताई?"

"हो, जुनी आहे," मी म्हणाले. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पोरगी आत गेल्यावर मी आवाज खाली करून, मावशी मावशी म्हणत, तिच्या आईला सगळं समजावलं. औषध फुकट आहे, सहा महिन्यांत माणूस बरा होतो, नाही घेतलं तर मरतो. त्या शांतपणे लाकडं सारत होत्या.

"आधी लगीन पोरीचं, मंग माजं औषध," त्या म्हणाल्या.

"लग्नाला चार-सहा महिने लागतील, मावशी. तोवर तुम्ही—"

"मेले तर मेले. पोरगी उजवून मेले म्हंजे झालं."

"आणि मांडीवरचं हे? त्याच्या तोंडावर खोकताय तुम्ही."

तेवढं मात्र त्यांना लागलं. त्यांनी लेकराला अलगद उचललं आणि सुनेकडं दिलं. पण औषधाचं काही मनावर घेईनात. गावात गोळ्या द्यायला दिवसाआड माणूस घरी आला तर गल्लीला कळणार. दवाखान्यात यावं तर जीपवाला विचारणार, मावशी सारखं काहून जाता? मी म्हटलं, कंबर दुखते म्हणा, शेक घ्यायला जाते म्हणा.

"वा गं! म्हनतील मायची कंबर गेली, म्हंजे लेकीचीबी जानार."

"मग डोळे तपासायला म्हणा."

"म्हंजे पोरगीबी आंधळी." त्यांनी हात झटकला. "लेकी, तुला सोयरीक काय असती ठावं न्हाई का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

पालथ्या घड्यावर पाणी! मी उठले. मला त्या बाईचा इतका संताप आला होता, आणि तिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं तेही कळत नव्हतं.

पोरगी मला जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत मी विचारलं, कारण ते विचारणं माझं कामच होतं, "तुला खोकला वगैरे येतो का गं? रात्री ताप, घाम?"

ती थांबली. "म्हंजे खोकल्याचंच हाय."

एकाचा आजार दुसऱ्याला सांगायचा नाही, घरच्याला सुद्धा नाही, हे आम्हाला शिकवलेलं होतं. "आईला विचार," म्हटलं.

"विचारलं. धुरानं व्हतंय म्हनली." मग माझ्या बोटांकडं परत बघून म्हणाली, "बरं व्हतं ना पन ते?"

"काय?"

"जे काई असंल ते."

"औषध घेतलं तर होतं," मी म्हणाले. "नाही घेतलं तर नाही."

तिनं मान हलवली. जीप आली आणि मी बसले.

पुढं काय झालं ते मला सुनेनं सांगितलं. लेकराला दाखवायला ती दवाखान्यात आली होती. लेकरू ठीक होतं. ती मात्र बाकावर बसली आणि एका दमात बोलत सुटली.

"आले ना शिष्टर, पावने आले. पाच-सहा मानसं. पोरगा, त्याचे मायबाप, मामा. पोहे झाले, चहा झाला. पोरगी पाटावर बसली. मामानं विचारलं, शिकली किती, स्वयंपाक येतो का, समदं बराबर सांगितलं तिनं. पोराला तर पसंतच व्हती, दिसूनच राहिलं व्हतं. मंग मामा म्हनला, बाई, तुला काय विचारायचं का आमाला? असं विचारायची रीत असती, पोरी मान हलवून न्हाई म्हनतेत. ही म्हनली, विचारायचं न्हाई, सांगायचं हाय."

"अगं बाई!"

"म्हनली, माझ्या आईला टीबी हाय. अजून औषध चालू न्हाई केलं, तुमच्यासाठी थांबलीय. आता चालू करनार, सा महिने लागत्यात, मंग बरी व्हते. तुमाला चालत असंल तर बघा. आदल्या राती तिनं माझ्याकडूनच समदं काढून घेतलं व्हतं, शिष्टर. माझी सासू खांबाला धरून उभी व्हती, तिथंच खाली बसली."

"मग? ते काय म्हणाले?"

"काय म्हननार? सुपारी तोंडात टाकली, चपला घातल्या. कळवतो म्हनले."

कळवतो. आमच्याकडं मुलगी बघून गेलेल्यांनी 'कळवतो' म्हटलं की पुन्हा वाट बघायची नसते. नाही म्हणायची ती सभ्य रीत. पोरीच्या धिटाईनं मला बरं वाटावं की वाईट, तेच समजेना.

सून म्हणाली, सासू आता जेवत नाही, पोरीशी बोलत नाही, पोरीच्या हातचं पाणीही पीत नाही. "गोळ्यायचं नाव काढलं की म्हनते, आता काहून? ज्याच्यासाठी जगायचं व्हतं ते तर मोडलं."

त्यानंतर एका सकाळी मी खिडकी उघडत होते, तर फाटकातून मायलेकी येताना दिसल्या. उघडपणे, जीपमधून उतरून, चारचौघांदेखत. आई पुढं, पोरगी मागं, मधे अंतर. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. पोरीनं त्यांना कसं तयार केलं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं होतं, ती सांगायची नाही म्हणाली.

आईचा बेडका आता त्यांच्याच नावानं तपासला. लाल काड्या होत्याच. डॉक्टरांनी लिहून दिलं, नावाचा खोका उघडला गेला. गोळ्या देणारी बाई रजेवर होती, म्हणून पहिला डोस माझ्यासमोर. मी गोळ्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या, पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी मूठ मिटली आणि गोळ्या मला परत द्यायला हात लांब केला.

"न्हाई घ्यायच्या मला. ह्या गोळ्यायनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

मी काही बोलणार, तेवढ्यात पोरगी खाली वाकली, अगदी आईच्या तोंडासमोर. आठवडाभर तिच्याशी न बोललेल्या आईला म्हणाली, "आई, स्थळ तर गेलं. ते काई परत येत न्हाई. आता तू गोळ्याबी न्हाई म्हनलीस तर ते फुकटच गेलं की."

मावशी तिच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता थोबाडीत देतात. दिली नाही. मूठ उघडली, एक गोळी उचलली आणि जिभेवर ठेवली. पाणी. दुसरी. प्रत्येक गोळीला त्यांचा गळा वर-खाली होताना मी बघत होते. तिसऱ्या-चौथ्या गोळीला डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबल्या नाहीत. सगळ्या संपल्यावर, कोणी शिकवलं नव्हतं तरी, त्यांनी तोंड उघडून मला दाखवलं. मग पदरानं ओठ पुसले आणि पोरीला म्हणाल्या, हळूच, जणू त्या दोघीच तिथं होत्या.

"स्थळ चांगलं व्हतं गं."

"व्हय," पोरगी म्हणाली. "मलाबी लई आवडला व्हता."